आरसी बुकात न सापडणारा गंज

जुनी थार, जिप्सी किंवा महिंद्राची एखादी मेजर घेतली की सुरुवातीचे दिवस कौतुकात जातात. टायर बदलले जातात, हुड नवं शिवून घेतलं जातं, बंपरवर दिवे चढतात, सोसायटीतली पोरं फोटो काढून जातात. गंज सापडतो तो बहुतेक वेळा भलत्याच कामात. मागचे पाटे कुरकुरतात म्हणून गाडी गॅरेजात जाते. मेकॅनिक शॅकलच्या बोल्टाला पाना लावतो, बोल्ट हलत नाही. तो हातोडीचे दोन घाव घालतो, तर बोल्टाऐवजी अख्खं ब्रॅकेटच डुलायला लागतं. काळ्या कोटिंगचा एक पोपडा सुटून खाली पडतो आणि त्याच्यामागे बोट जाईल एवढं भोक असतं. गाडीखालून आवाज येतो, "साहेब, चासी सडलीय."

दार गंजलं तर दार बदलता येतं. इंजिन दमलं तर ते उतरवून दुरुस्त करता येतं. चासीचं तसं नाही, कारण बाकी सगळं तिच्यावरच उभं असतं. या गाड्यांची रचना मुळात ट्रकची आहे. दोन लांब पोलादी तुळया, त्यांना जोडणारे आडवे क्रॉसमेंबर, म्हणून नाव लॅडर फ्रेम. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग बॉक्स, पाटे, डिझेलची टाकी सगळं या सांगाड्याला अडकवलेलं, आणि बॉडी वरून रबरी माउंटिंगवर बोल्टांनी बसवलेली. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपची हीच रचना होती. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी माझगावात त्या जीपची जुळणी सुरू केली. पुढे ऑक्टोबर २०१० मध्ये थार आली, २०२० मध्ये ती पार नव्या रूपात आली, तरी खालची शिडी कायम राहिली. १९८५ ची मारुती जिप्सी, पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा, २०२३ ची जिम्नी, सगळ्या त्याच बांधणीच्या. एरवीच्या बहुतेक मोटारींत वेगळी चासी नसते, बॉडीचा पत्राच सांगाड्याचं काम करतो.

दगडावर एक चाक चढलं की लॅडर फ्रेम थोडी पिळते आणि दगड उतरला की जागेवर येते. डोंगरवाटेवरची तिची सगळी ताकद या पिळण्यात आहे. पण हा पीळ सोसणारा पत्रा काही मिलिमीटर जाडीचाच असतो. त्यातला निम्मा गंजाने खाल्ला तर गाडी रस्त्यावर पूर्वीसारखीच चालते, पीयूसीही मिळते, आणि मग एखाद्या खड्ड्यात पाट्याचं बूड सांगाड्यापासून सुटतं.

मीरा-भाईंदरचा नकाशा पाहिला की इथे ही कथा पुन्हा पुन्हा का घडावी हे कळतं. पश्चिमेला उत्तनची किनारपट्टी आणि अरबी समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, मध्ये राई, मुर्धे, मोर्वा या गावांच्या अंगाने पसरलेली मिठागरं आणि खाजण, आणि पूर्वेला काशिमिऱ्यामागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. आगरी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जिथे खारं पाणी उन्हात आटवून मीठ पिकवलं, तिथल्या हवेत मीठ आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. लाटा फुटतात तेव्हा उडणारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात. त्यातला मोठा वाटा किनाऱ्याजवळच्या काही शे मीटरच्या पट्ट्यात खाली बसतो आणि आत जावं तसं प्रमाण झपाट्याने घटतं. त्यामुळे उत्तनच्या कोळीवाड्याशेजारी उभी राहिलेली गाडी आणि काशिमिऱ्याला डोंगराच्या पायथ्याशी उभी राहिलेली गाडी एकाच वर्षाच्या असल्या, तरी खालून एकसारख्या नसतात.

लोखंड गंजायला ऑक्सिजन आणि पाणी लागतं, हे शाळेतल्या खिळ्याच्या प्रयोगात सगळ्यांनी पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात तो विजेचा छोटासा व्यवहार असतो. एका जागी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात, दुसऱ्या जागी ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन घेतो आणि मधलं पाणी वीज वाहून नेतं. स्वच्छ पाणी हे काम रडतखडत करतं, खारं पाणी मोठ्या हौसेने करतं. भरीला मिठातला क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडत राहतो.

पण मिठाचा खरा उपद्रव याहून वेगळा आहे. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेतली सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की हवेतलीच वाफ ओढून विरघळू लागतं. मुंबईच्या पावसाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. समुद्राच्या मिठात मात्र मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते सुमारे ३३ टक्के आर्द्रतेलाच ओलं होतं. आपल्या किनाऱ्यावर हवा इतकी कोरडी क्वचितच होते. श्रावणात स्वयंपाकघरातल्या खड्याच्या मिठाला पाणी सुटतं, तसंच चासीच्या पोटात बारा महिने सुटलेलं असतं. "गाडी दिवाळीपासून पाण्यात गेलेलीच नाही," असं विकणारा सांगतो तेव्हा तो खोटं बोलत असेलच असं नाही. ते सांगणं निरुपयोगी असतं इतकंच. एकदा आत शिरलेलं मीठ धुऊन काढल्याशिवाय कोरडं पडत नाही.

धुणं म्हटलं की इथली दुसरी अडचण पुढे येते. नळाचं पाणी मोजून येतं, त्यामुळे बऱ्याच सोसायट्यांत गाड्या बोअरिंगच्या पाण्याने धुतल्या जातात आणि खाडीकाठच्या भागात ते पाणी अनेकदा मचूळ असतं. रोज सकाळी इमानेइतबारे बादलीभर मचूळ पाणी मारणारा माणूस वरचा रंग चमकवतो आणि खाली थोडं थोडं मीठ पेरत जातो. मासळीची वाहतूक करणाऱ्या पिकअपच्या मागच्या क्रॉसमेंबरकडे एकदा वाकून पाहावं. बर्फाचं खारट पाणी हौद्यातून ठिबकून तिथेच उतरतं. अशा धंद्यात राहिलेली गाडी पुढे रंग बदलून शौकिनांच्या बाजारात येऊ शकते, आणि तिची नंबरप्लेट त्याबद्दल काहीच सांगत नाही.

ऑफ-रोडिंगचा स्वतःचा वाटा वेगळाच. बंद पेटीसारख्या तुळईला कारखान्यातच भोकं ठेवलेली असतात, आत गेलेलं पाणी निथळून जावं म्हणून. ओढ्यातून, चिखलातून गाडी काढली की याच भोकांतून गाळ आत जातो आणि निथळायची वाट बुजवून टाकतो. पुढचं रसायन उलटं वाटावं असं आहे. ओल्या चिखलाखाली ऑक्सिजन कमी पोचतो, आणि लोखंड जास्त झिजतं ते तिथेच. उघड्या, हवेशीर भागावर ऑक्सिजन इलेक्ट्रॉन घेत राहतो आणि त्याची किंमत चिखलाखालचा भाग मोजतो. म्हणून बंद तुळई आतून बाहेर सडते. बाहेरून गंजाचा पहिला फोड दिसतो तेव्हा आतलं काम बरंचसं उरकलेलं असतं. दोन पत्रे एकावर एक ठेवून रिव्हेट मारलेल्या जोडांत आणखी एक प्रकार घडतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो, त्यामुळे मध्ये अडकलेला गंज पत्रे एकमेकांपासून फाकवतो. असे फुगलेले जोड दिसले की पुढची बोलणी तिथेच थांबवायला हरकत नाही.

डोळ्यांआड गंजणारं पोलाद किती दगा देऊ शकतं याचं आपल्याजवळचं मोठं उदाहरण गोव्यातलं आहे. पणजीचा मांडवीवरचा पूल १९७० मध्ये खुला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. खाडीच्या खाऱ्या हवेत काँक्रीटच्या आतल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजत गेल्या होत्या. सोळा वर्षं हे काही फार वय नव्हे, पुलाचं तर नाहीच.

गाड्यांच्या जगात सर्वांत गाजलेलं प्रकरण अमेरिकेतलं आहे. तिथे थंडीत रस्त्यावरचं बर्फ वितळावं म्हणून मीठ टाकतात, म्हणजे तिथल्या गाडीखाली समुद्रच आणून ओततात. टोयोटाच्या टॅकोमा या पिकअपच्या चासी तिथे अक्षरशः भोकं पडेपर्यंत सडायला लागल्या. गंजाला तोंड देईल अशी प्रक्रिया त्या चासींवर पुरेशी झालेलीच नव्हती. २००८ मध्ये कंपनीने १९९५ ते २००० सालच्या टॅकोमांना चासीच्या गंजासाठी १५ वर्षांचं संरक्षण दिलं आणि भोकं पडलेल्या गाड्या बाजारभावाच्या दीडपट दराने परत विकत घेतल्या. सडलेल्या गाडीला चांगल्या गाडीपेक्षा जास्त पैसे मिळाले, असा विनोदी योग मोटारधंद्यात क्वचितच येतो. २००९ मध्ये २००० ते २००३ सालच्या सुमारे १ लाख १० हजार टुंड्रा गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मागचा क्रॉसमेंबर गंजून स्टेपनी चालत्या गाडीतून रस्त्यावर पडण्याची आणि ब्रेकच्या नळ्या तुटण्याची भीती होती. तरी प्रकरण मिटलं नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये टोयोटाने नंतरच्या वर्षांतल्या सुमारे १५ लाख टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया गाड्यांसाठी ३४० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य केली. एक चासी बदलायला सुमारे १५ हजार डॉलर लागतील असा त्यात हिशेब होता.

या तडजोडीतला एक तपशील आपल्या कामाचा आहे. चासी बदलून द्यायची की नाही, हे ठरवायला निकष ठेवला होता १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या भोकाचा. वरवरचा तांबूस थर कुणी मोजला नाही. गाडीचा किती भाग लाल झाला आहे यापेक्षा पत्रा आरपार गेला आहे का आणि कुठे गेला आहे, हे प्रश्न मोठे. ब्रिटनमधली वार्षिक एमओटी तपासणी यातल्या 'कुठे'वर भर देते. सस्पेन्शन, स्टिअरिंग, सीटबेल्ट अशा महत्त्वाच्या जोडांपासून ३० सेंटिमीटरच्या आत सांगाडा खूप गंजलेला असला, तर गाडी नापास होते.

आपल्याकडे खासगी गाडीला अशी वार्षिक तपासणी नाही. सेकंडहँड गाडी घेताना ग्राहक ज्या कागदांवर भिस्त ठेवतो ते एकेक पाहू. आरसीवर मालक, वर्ष, इंजिन नंबर, चासी नंबर असतो, चासीची प्रकृती नसते. पीयूसी फक्त धुराचं बोलते. विमा पॉलिसीत नैसर्गिक झीज वगळलेली असते, त्यामुळे विमा कंपनीच्या लेखी गंज हा मालकाचा घरगुती प्रश्न. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना आरटीओत गाडी दाखवावी लागते, पण तोवर ती पाच-सहा हातांतून फिरून आलेली असू शकते. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आरटीओकडून अधिकारपत्र घेण्याचा नियम आला. तो चांगलाच आहे, चोरीची गाडी आणि अर्धवट हस्तांतरण यांना त्याने चाप बसतो. पण तोही मुख्यतः मालकीचा आणि कागदांचा नियम आहे. थोडक्यात, एकही सरकारी कागद गाडीखाली वाकून पाहत नाही.

नंबरप्लेटवरून मात्र थोडा अंदाज बांधता येतो. एमएच-०७ सिंधुदुर्ग, एमएच-०८ रत्नागिरी, एमएच-०६ रायगड आणि गोव्याची जीए, या पाट्यांच्या गाड्यांना किनाऱ्याची हवा लागलेली असण्याची शक्यता जास्त. एमएच-१२ पुणे किंवा एमएच-१५ नाशिक दिसली की जरा हायसं वाटतं. तेवढ्यावर निवांत होऊ नये. पुण्याची गाडी दर शनिवार-रविवारी दिवेआगरच्या वाळूत गेलेली असू शकते. पुळणीवर गाडी पळवायची हौस किती थराला जाते हे जून २०२४ मध्ये कच्छमधल्या मुंद्राजवळ दिसलं. दोन थार समुद्रात अडकल्या आणि चालकांवर पोलिसात गुन्हा दाखल झाला. अशी गाडी बाहेर काढून, सुकवून विकता येते. पुरात बुडालेल्या गाड्यांचंही तेच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा आणि जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरात असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यानंतर तिकडच्याही पुष्कळ गाड्या इतर राज्यांत गेल्या. उत्तरेतली कोरडी हवा चासीला मानवते, हे खरं आहे. पण त्यांची एनओसी, इथला रोड टॅक्स आणि नवी नोंदणी हा वेगळा अध्याय आहे.

एवढं झाल्यावर उरतो तो एकच भरवशाचा उपाय, स्वतः खाली जाऊन पाहणं. काशिमिऱ्याच्या हायवेवर किंवा भाईंदर पूर्वेला रॅम्प असलेलं गॅरेज शोधायला कष्ट पडत नाहीत. तपासणी दिवसा करावी आणि गाडी वॉशिंग सेंटरमधून न्हाऊन आलेली नसावी. सोबत बॅटरी, छोटी हातोडी, बोथट पेचकस आणि कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक घ्यावं. मोबाइलला जोडायचा बारीक नळीचा कॅमेरा मिळाला तर फारच उत्तम, कारण तो तुळईच्या भोकातून आत घालता येतो आणि खरा तमाशा आतच असतो.

हातोडी जोरात मारायची नसते, टिचकी मारावी तशी ठोकत जायची. धड पत्रा ठणठणतो, सडलेला भद्द आवाज करतो. चुंबक पकडलं नाही तर पत्र्याच्या जागी लांबी भरलेली आहे असं समजावं. डेंटर-पेंटर दरवाजावर लांबी भरतात ते ठीक आहे, पण चासीवर लांबी ही सरळसरळ फसवणूक. मागच्या पाट्यांचे हँगर आणि शॅकल, मागचं अ‍ॅक्सल जिथून जातं तो तुळईचा वर उचललेला भाग, सगळ्यात मागचा क्रॉसमेंबर, बॉडी माउंटिंगच्या जागा, डिझेल टाकीच्या वरची बाजू आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो ती जागा, या ठिकाणी वेळ घालवावा. मधल्या सरळ तुळईवर सगळे हात फिरवून पाहतात आणि ती बहुतेक वेळा ठीकच असते. आरसीवरचा चासी नंबर लोखंडावर नीट वाचता येतो का, हेही याच वेळी पाहावं. गंजाने आकडे खाल्ले असतील तर हस्तांतरणाच्या वेळी खेटे ठरलेले.

ताज्या काळ्या कोटिंगबद्दल थोडं परखड बोलायला हवं. नव्या, स्वच्छ चासीवर मारलेलं अंडरबॉडी कोटिंग उपयोगी आहे. दहा वर्षांच्या चासीवर विक्रीच्या आठवड्यात मारलेलं कोटिंग म्हणजे पडदा. गंजावरून चढवलेला जाड डांबरी थर खालची ओल कोंडून ठेवतो आणि मीठ, पाणी, लोखंड यांना निवांतपणा देतो. जुनी गाडी खालून एकसारखी काळीभोर, बोल्टांची डोकीसुद्धा काळी, आणि इंजिन बे मात्र वयाला शोभेल असा मळलेला दिसला, तर पेचकस काढून तो थर दोन-तीन ठिकाणी खरवडायची परवानगी मागावी.

हे सगळं गाडी घेण्याआधी. पण गंज घेतल्यावर सापडला तर?

पहिली गोष्ट, गाडी डोंगरात न्यायची नाही आणि तिच्या हुकाला दोर बांधून कुणाला ओढायचं किंवा ओढून घ्यायचं नाही. चिखलात रुतलेली गाडी झटक्याने काढताना दोरावर प्रचंड ताण येतो. हुक सडलेल्या क्रॉसमेंबरला बसवलेला असेल तर तो पत्र्यासकट उखडून ताणलेल्या दोराबरोबर मागे येतो. अशा अपघातांत आजूबाजूला उभे असलेले लोक जिवाला मुकले आहेत. रस्त्यावर हळू चालवली तर सडकी चासी कदाचित बरेच दिवस निभावेल, रिकव्हरीत मात्र एक क्षणही नाही.

मग दुरुस्तीचा विचार. भाईंदर पूर्व हे स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांच्या छोट्या कारखान्यांचं गाव, त्यामुळे पत्रा कापणारे आणि वेल्डिंग करणारे हात इथे कमी नाहीत. पण भांड्याचा पत्रा आणि चासीचा पत्रा यांत फरक आहे, आणि गंजावरच पट्टी ठेवून वेल्डिंग मारणं, ज्याला गॅरेजात पॅच मारणं म्हणतात, हे पैसे फुकट घालवणं आहे. आतलं मीठ तिथेच राहतं आणि वर्ष-दोन वर्षांत पट्टीच्या कडेने नवं भोक पडतं. नीट काम करायचं तर धड लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापून काढावा लागतो, तेवढ्याच जाडीचं पोलाद बसवावं लागतं, सीओटू वेल्डिंग करावं लागतं. तुळईवर सरळ उभा जोड टाळून तो तिरका घेतात, म्हणजे ताण एकाच रेषेवर येत नाही. त्याआधी बॅटरी सोडवायची आणि डिझेलची टाकी उतरवायची, नाहीतर गाडीबरोबर गॅरेजही जाईल. शेवटी तुळईच्या आत नळीने पातळ मेण किंवा गंजरोधक तेल फवारायचं. शेवटची ही पायरी बहुतेक लोक गाळतात आणि मग वेल्डरला शिव्या देतात. जुने लोक जळकं ऑइल आणि डिझेल मिसळून मारायचे. लोखंडाला ते थोडंफार वाचवतं, पण रबरी बुश खराब करतं, धूळ चिकटवतं आणि पावसात थेट गटारात उतरतं, तेव्हा तो सल्ला आता सोडून द्यावा.

दोन-तीन हँगर आणि एखादा क्रॉसमेंबर गेला असेल तर दुरुस्ती पदरात पडते. दोन्ही तुळया आतून गेल्या असतील तर चासी बदलणं किंवा गाडी भंगारात देणं, एवढंच हाती उरतं. चासी बदलण्यात तांत्रिक कामापेक्षा कागदी काम जड आहे. लोखंडावरचा नंबर आणि आरसीवरचा नंबर जुळलाच पाहिजे. आरटीओच्या परवानगीशिवाय दुसऱ्या गाडीची चासी घालून जुना नंबर ठोकणं हा गुन्हेगारीचा प्रांत आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते बंधन ठामपणे उचलून धरलं.

विकणाऱ्याकडून काही परत मिळेल का, हे त्याने काय केलं यावर ठरतं. माल विक्री कायदा १९३० चा मूळ रोख असा की घेणाऱ्याने पाहून घ्यावं, आणि पाहिल्यावर जो दोष दिसायला हवा होता त्याबद्दल नंतर तक्रार करू नये. पण भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ मध्ये, माहीत असलेली गोष्ट मुद्दाम लपवणं ही फसवणूक मानली आहे, आणि कलम १९ नुसार असा करार ज्याची फसवणूक झाली त्याला रद्द करता येतो. नुसतं गप्प बसणं आणि भोकांवर लांबी भरून काळा रंग मारणं, यातला फरक इथे निर्णायक ठरतो. विकणारा खासगी माणूस असेल तर मार्ग दिवाणी न्यायालयाचा. जुन्या गाड्यांचा व्यापारी असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, ५० लाख रुपयांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते, आणि ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, म्हणजे मीरा-भाईंदरकराला त्यासाठी पुण्याला किंवा दिल्लीला जावं लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आयोगापुढे वाद अडतो तो पुराव्यापाशी. गंज विक्रीच्या दिवशी होता की नंतर लागला, असं समोरचा हमखास विचारतो. आरपार भोक दोन महिन्यांत पडत नाही हे कोणताही जाणकार सांगू शकतो, पण ते भोक त्याला दाखवता आलं पाहिजे. तेव्हा गंज सापडला की घाईने वेल्डरला बोलवू नका. आधी गाडी रॅम्पवर घेऊन तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा, त्यात चासी नंबर दिसू द्या, निघालेले पोपडे पिशवीत भरून ठेवा, एखाद्या स्वतंत्र सर्व्हेअरचा लेखी अहवाल घ्या, आणि हे सगळं हातात येईपर्यंत त्या चासीवर नवं कोटिंग मारू नका.